सिंहगड हॉलमधली सचोटीपेटी

१

पेटी चोरीला गेल्याचं पूर्णिमा दामले यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांचं बोट पडद्यावरच्या ‘विश्वास’ या शब्दावर होतं.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. हिंजवडीतल्या मेघवर्त टेक्नॉलॉजीजमध्ये नव्यानं लागलेली मुलं-मुली भरल्या पोटानं आणि जड डोळ्यांनी खुर्च्यांवर टेकत होती. “चला, आता ती पेटी उघडू या,” असं म्हणत दामलेबाई मागे वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. भिंतीवर पेटी नव्हती. चार भोकं होती, धुळीची चौकट होती आणि चौकटीच्या मधोमध, पेटीच्या मागे असलेला एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा तेवढा भिंतीला चिकटून राहिला होता.

“कुणी गंमत केली असेल तर आत्ता सांगा,” त्या म्हणाल्या. “हसायला मला पाच मिनिटं लागतात, पण मी हसते.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. रागानं अंग तापलं म्हणून बाईंनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर टाकली.

दामलेबाईंचं सगळं आयुष्य एका बँकेच्या दक्षता विभागात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वारज्यातल्या आपल्या सोसायटीच्या सभांमध्ये इतक्या शंका काढल्या, की शेवटी सेक्रेटरीनंच सुचवलं, “बाई, तुम्ही कुठंतरी शिकवायला का जात नाही?” तेव्हापासून त्या आयटी कंपन्यांमध्ये नव्या पदवीधरांना कामाच्या ठिकाणची मूल्यं आणि नीतिमत्ता शिकवत होत्या. खोटी बिलं लावू नका, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवू नका, चूक दिसली तर बोला. हे सगळं मुलांना आधीच माहीत असतं आणि नोकरी लागल्यावर विसरायचं असतं, हे बाईंना ठाऊक होतं. तरीही त्या मनापासून शिकवत.

त्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरची पेटी दाखवली होती. पांढरी, पत्र्याची, वर फट आणि खाली इवलंसं कुलूप. तिच्यावर ‘इंटिग्रिटी बॉक्स’ असं लिहिलेलं होतं. मुलांनी तिचं नाव ‘सचोटीपेटी’ करून टाकलं होतं. कुठं काही चुकीचं दिसलं तर नाव न घालता लिहून टाकायचं.

“आज सराव,” बाई म्हणाल्या होत्या. “तुम्ही इथं येऊन थोडेच दिवस झालेत. एवढ्यात जे खटकलं ते एका चिठ्ठीत लिहा आणि टाका. जेवणानंतर एचआरच्या कल्याणी मॅडमसमोर पेटी उघडू, आणि तक्रार कशी लिहावी, कशी लिहू नये ते बघू.”

सगळ्यांनी हुडीच्या बाह्यांमधून कशीबशी बोटं बाहेर काढून चिठ्ठ्या लिहिल्या, पेटीत टाकल्या आणि खाली कँटीनला गेले. जाताना तनया नावाच्या मुलीनं विचारलं होतं, “मॅम, हॉल लॉक करायचा का?”

आणि दामलेबाईंनी उत्तर दिलं होतं, “नीतिमत्तेच्या वर्गाला कुलूप लावणं बरं दिसतं का?”

आता ते वाक्य आठवून त्यांनाच कसंतरी झालं.

२

एचआरप्रमुख कल्याणी भागवत अंगातला स्वेटर सावरत धावत आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, “अरे देवा. आणि संध्याकाळी डायरेक्टर येतायत.”

त्यांच्या मागून प्रशासनाचे श्यामसुंदर मोकाशी आले. इमारतीतल्या खुर्च्या, दिवे, कॉफी आणि झाडांच्या कुंड्या हे सगळं त्यांच्या अखत्यारीत होतं.

“कॅमेरा आहे ना बाहेर?” दामलेबाईंनी विचारलं.

“आहे.”

“मग बघू या.”

“तो बघायचा नाहीये, मॅडम,” मोकाशी खाली बघत म्हणाले. “तो नुसता दिसायचा आहे. आतून रिकामा आहे.”

कल्याणीबाईंनी ठरवलं, सगळ्यांच्या बॅगा तपासायच्या. पेटी बॅगेत मावेल एवढीच होती. सुरक्षारक्षकानं बॅगा उघडल्या. चार्जर, डबे, एका बॅगेत चक्क इस्त्री. पेटी कुठंच नव्हती. शेवटच्या रांगेतल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातून मात्र रक्षकानं एक वस्तू काढून वर धरली.

स्क्रूड्रायव्हर.

“कुणाची बॅग?” कल्याणीबाईंचा आवाज चढला.

एक सडपातळ, चष्मेवाला मुलगा उभा राहिला. प्रज्ञेश वानखेडे, अकोल्याचा. वडील तहसील कार्यालयात अव्वल कारकून. त्यालाही सरकारी नोकरी लागली होती. ती सोडून तो इथं आला, म्हणून वडील अजून त्याच्याशी फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोलत. राहायला वाघोलीत. रोज वाघोलीहून हिंजवडीला, म्हणजे पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, वेळेवर पोहोचत होता. तेवढ्यावरच खरं तर त्याला कायम करायला हरकत नव्हती.

“चष्म्याचा आहे मॅडम,” तो म्हणाला. “काडी सैल होते.”

“जेवायच्या सुट्टीत तू वर आला होतास?”

“हो.”

“कशाला?”

प्रज्ञेशनं मान खाली घातली. वर्गातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

“मी पेटी नाही घेतली जी,” तो एवढंच म्हणाला.

“पेटी संध्याकाळपर्यंत आली नाही,” कल्याणीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तर तुझं जॉइनिंग रद्द. बॅग घे आणि बाहेर बस.”

तो बाहेर गेला. दामलेबाईंनी कल्याणीबाईंना बाजूला घेतलं.

“अजून कोण कोण वर आलं होतं?”

“तनया आली होती म्हणे. आणखी एक-दोघं.”

“मग हाच का?”

“स्क्रूड्रायव्हर... आणि त्याचं एकूण... म्हणजे तसं वाटतं ना.”

“कसं वाटतं?”

कल्याणीबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. दामलेबाई म्हणाल्या, “मला एक खोली द्या. आणि डायरेक्टर येईपर्यंतचा वेळ.”

३

या कंपनीत खोल्यांना किल्ल्यांची नावं होती. ट्रेनिंग हॉल म्हणजे सिंहगड. दामलेबाईंना जी मिळाली तिचं नाव राजगड, आणि तिच्यात तीन खुर्च्या ठेवल्या की दार लागत नसे.

त्यांनी सगळ्यांत आधी प्रज्ञेशचा स्क्रूड्रायव्हर घेतला. पेटीच्या शेजारच्या सूचनाफलकाला मोकाशींनी त्याच मापाचे स्क्रू लावले होते. बाईंनी प्रज्ञेशला तिथं नेऊन म्हटलं, “काढून दाखव.” त्यानं प्रयत्न केला. ते नाजूक टोक स्क्रूच्या खाचेत रांजणात काडी फिरावी तसं फिरत राहिलं.

“झालं. तू नाहीस,” राजगडात परतल्यावर बाई म्हणाल्या. “पण वर कशाला आला होतास?”

“चिठ्ठी परत काढायला,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “लिहून टाकली, मग वाटलं माझं अक्षर ओळखू येईल. पहिल्याच महिन्यात तक्रारखोर म्हणून नाव नको. फट मोठी आहे, स्टीलच्या पट्टीनं चिठ्ठी ओढता येते. मी सकाळीच बघून ठेवलं होतं. पण वर आलो तर पेटीच नव्हती. वाटलं, तुम्हीच नेली.”

“मघाशी हे का बोलला नाहीस?”

“मग कल्याणी मॅडमनी विचारलं असतं, काय लिहिलं होतंस.”

“काय लिहिलं होतंस?”

प्रज्ञेशनं मान वर केली. “तुम्हीच म्हणालात मॅडम, ते गुप्त असतं.”

दामलेबाईंच्या आयुष्यात त्यांना असं गप्प करणारे फार थोडे लोक आले होते. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “चूक माझी.”

“पेटी सापडेल ना पण?” दारातून जाताना त्यानं विचारलं.

मग तनया आली. हुडी कमरेला बांधलेली, नजर अस्वस्थ.

“मॅम, पेटी सापडली का? म्हणजे, कुणी चिठ्ठ्या वाचल्या का?”

“तू वर कशाला आली होतीस?”

“फोनचा चार्जर घ्यायला, आय स्वेअर. पेटीकडे मी बघितलंपण नाही. पण मॅम, कुणीतरी माझ्याबद्दल लिहिलंय, हंड्रेड पर्सेंट.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझ्या सीव्हीत मी ‘जर्मन, फ्लुएंट’ असं टाकलंय.”

“आणि येतं किती?”

“इश बिन तनया.”

“पुढे?”

“पुढे काहीच नाही, मॅम.”

बाईंनी तिला पाणी दिलं आणि बाहेर पाठवलं. सीव्ही आजच दुरुस्त करायचा, या अटीवर.

तिच्या पाठोपाठ न बोलावता श्यामसुंदर मोकाशी आत शिरले आणि दार लावायची धडपड करू लागले. दार लागेना. शेवटी ते तसेच कुजबुजले, “मॅडम, चिठ्ठ्या कुणाच्या हाती लागल्यात का?”

“लागल्या असतील तर?”

“तर कॉफीबद्दल माझं ऐकून घ्या.” मोकाशींनी कपाळ पुसलं. “इम्पोर्टेड बरणी आहे, पण आतली पावडर मी तुळशीबागेमागच्या दुकानातून आणतो. दोन वर्षं झाली. एकानंही ओळखलं नाही. उलट मागच्या महिन्यात एका साहेबांनी ब्राझीलच्या डोंगरांचा वास येतो म्हणून सांगितलं.”

“आणखी काही?”

“आणखी काही नाही,” मोकाशी म्हणाले. पण ते जरा जास्तच पटकन म्हणाले, हे बाईंनी टिपून ठेवलं. सकाळी हॉलमध्ये दातांवर दात आपटायला लागले तेव्हा बाईंनी यांनाच एसी कमी करायला सांगितलं होतं. “सेंट्रल आहे मॅडम,” असं तेव्हाही ते इतक्याच पटकन म्हणाले होते. “सिंगापूरहून चालतो. आपल्या हातात नाही.”

ते गेले, आणि दारात कल्याणी भागवत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडलेला होता.

“दामले मॅडम,” त्या म्हणाल्या, “मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ती पेटी आज उघडली असती, तर मी संपले असते.”

४

“बसा,” दामलेबाई म्हणाल्या.

“किल्ली नाहीये,” कल्याणीबाई बसता बसता म्हणाल्या. “पेटीची. दोन वर्षांपूर्वी पेटी बसवली त्याच आठवड्यात हरवली. तेव्हापासून पेटी एकदाही उघडलेली नाही. आणि मी दर तिमाहीला वर कळवते, की एकही तक्रार नाही.”

बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी रिव्हर्स घेत होतं. गाडीतून बारीक सुरात प्रार्थना वाजत होती.

“म्हणजे पेटी गायब होण्यात सगळ्यांत जास्त फायदा तुमचा,” दामलेबाई म्हणाल्या.

“मला माहीत आहे ते. पण मी नाही नेली. मी तर जेवणाच्या सुट्टीत दुकानदाराला फोन करत होते, तसलंच दुसरं कुलूप मिळेल का म्हणून.” त्यांनी पुढे वाकून विचारलं, “तुम्हाला काही सुगावा लागला का? पेटी कुठाय?”

“तुमच्यावर संशय येऊ शकतो हे कळत असताना तुम्ही त्या मुलाला बाहेर बसवलंत?”

कल्याणीबाईंचा फोन वाजला आणि त्या उठल्या. डायरेक्टर वाकडच्या पुलाखाली अडकले होते आणि ‘पोहोचतोच’ म्हणत होते. हिंजवडीत ‘पोहोचतोच’ या शब्दाला कसलंही माप नाही, त्यामुळे बाईंना थोडा धीर आला.

तेवढ्यात प्रोजेक्ट हेड दत्तप्रसाद खाडिलकर हसत हसत आत आले. सिंहगड हॉलला लागूनच त्यांची केबिन होती. सकाळी नव्या मुलांना ‘वेलकम टू द फॅमिली’ म्हणायला आले होते तेव्हा त्यांच्या गळ्यात करड्या रंगाचा मफलर होता आणि ‘फॅमिली’ म्हणताना त्यांना दोनदा शिंक आली होती. आत्ता बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळा मोकळा आणि चेहऱ्यावर तजेला.

“मॅडम, तुम्ही सगळ्यांना बोलावताय, म्हटलं आपणच यावं,” ते खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. “आपलं काय, सगळं उघड असतं. माझ्याबद्दल एक चिठ्ठी नक्की असणार. सांगूनच टाकतो. माझ्या मुलीच्या शाळेत सायन्स प्रोजेक्ट होतं. पवनचक्की. मी आमच्या दोन नव्या पोरांना केबिनमध्ये बसवून करून घेतली. मोटर, पाती, स्क्रू, नटबोल्ट, सगळं. अजून तिथंच आहे, बघायला या. फिरते छान.”

“कंपनीच्या वेळात?”

“चुकलं माझं,” दत्तप्रसाद हात जोडून म्हणाले. “एकदम मान्य. पण पेटीचं म्हणाल तर, ती बसवली तेव्हाच मी म्हणालो होतो, ही जागा पेटीची नाही. दाराजवळ लावा. माझं कोण ऐकतंय! आणि त्या वानखेडेचं वाईट वाटतं हो. हुशार मुलगा आहे. पण कंपनीची पॉलिसी म्हटली की आपणही काय करणार?”

ते उठले, पुन्हा हसले आणि निघून गेले.

दामलेबाई एकट्याच बसून राहिल्या. दक्षता विभागात इतकी वर्षं घासूनही त्यांना एका दुपारी इतके कबुलीजबाब कधी मिळाले नव्हते. प्रत्येकाला वाटत होतं, की पेटीत आपलंच नाव आहे. प्रत्येकजण काही ना काही करून बसला होता. आणि पेटी कुणीच नेली नव्हती.

त्या सिंहगड हॉलमध्ये परत आल्या. रिकामा हॉल. खुर्चीवर शाल पडलेली. त्यांनी सवयीनं ती उचलली, खांद्यावर घेतली आणि लगेच काढली. गरम होत होतं.

राग तर केव्हाच ओसरला होता.

बाईंनी शालीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग त्या राजगडात गेल्या, कल्याणीबाईंना फोन लावला आणि म्हणाल्या, “सगळ्यांना सिंहगडात बोलवा. मोकाशी, खाडिलकर, सगळी मुलं. आणि बाहेर बसवलेल्यालाही आत आणा. चोर सापडला.”

५

सगळे जमले. प्रज्ञेश बॅग मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसला. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तनया उठली आणि त्यातल्या एकीवर जाऊन बसली.

“आपण सगळेजण एकच गोष्ट धरून चाललो होतो,” दामलेबाईंनी सुरुवात केली. “चोराला चिठ्ठ्या हव्या होत्या. पण चिठ्ठ्या हव्या असत्या तर फटीतून पट्टीनं ओढता आल्या असत्या. कुलूप तर इतकं नाजूक, की केसातल्या पिनेनं उघडेल. मग जेवणाच्या सुट्टीत, कुणी येईल या धाकात, चार जाड स्क्रू काढून अख्खी पेटी उचलायची कशाला? कुणी कपाट सरकवतं ते कपाटातल्या कपड्यांसाठी नाही. कपाटामागे काहीतरी असतं म्हणून.”

त्या भिंतीपाशी गेल्या. भोकांच्या मधोमध चिकटलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर त्यांनी बोट दाबलं. तुकड्यावर हिरवा आकडा उजळला. बाईंनी बोट दाबून धरलं. छतातून घरघर आली आणि थंडगार झोत थेट पहिल्या रांगेवर पडला. पहिल्या रांगेनं शहारून माना आत ओढल्या.

बाईंनी आकडा पूर्ववत केला.

“मोकाशी,” त्या म्हणाल्या, “सिंगापूर बरंच जवळ आलंय.”

श्यामसुंदर मोकाशी उभे राहिले आणि तसेच पुन्हा बसले. “काय करणार मॅडम,” ते कळवळून म्हणाले. “रोज भांडणं. एक येऊन वाढवायचा, दुसरा येऊन कमी करायचा. एकदा तर दोघं कॉलर धरून उभे होते. एचआरकडून पेटी आली, म्हटलं, एसीच्या कंट्रोलवरच बसवू. सचोटीला कुणी हात लावणार नाही.”

हॉलमध्ये हशा उसळला. दत्तप्रसादही हसले.

“म्हणजे चोराला पेटीमागे काय आहे ते माहीत होतं,” बाई पुढे म्हणाल्या. “मुलं नवी आहेत, त्यांनी ही भिंत पेटीशिवाय पाहिलेलीच नाही. मोकाशींना पेटी तिथंच हवी होती. कल्याणी मॅडमना माहीत असतं तर त्या स्वतः गेली दोन वर्षं या मजल्यावर स्वेटर घालून फिरल्या नसत्या. उरलं कोण? पेटी बसवत असताना जो इथं उभा होता आणि ‘ही जागा पेटीची नाही’ असं म्हणाला होता तो.”

दत्तप्रसादांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

“सकाळी गळ्यात मफलर, दोन शिंका. दुपारी बाह्या वर. तुमच्या केबिनची हवा याच कंट्रोलवर चालते ना, खाडिलकर? जाड स्क्रू काढायला जाड स्क्रूड्रायव्हर लागतो. तो तुमच्याकडे आहे हे तुम्हीच मला सांगितलंत. पवनचक्की स्क्रू-नटबोल्टांची आहे, हातानं आवळलेली नाही. लहान चूक कबूल करून मोठी झाकायला आलात आणि येताना हत्यार घेऊन आलात.”

“मॅडम, हे सगळे अंदाज आहेत,” दत्तप्रसाद म्हणाले.

“हो. पण एक अंदाज नाही. आज माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला, पेटी सापडली का? तनयानं विचारला, मोकाशींनी चिठ्ठ्यांचं विचारलं, कल्याणी मॅडमनी विचारला. ज्याची नोकरी जातेय त्यानंही विचारला. तुम्ही स्वतःहून आलात, भरपूर बोललात, पण ते तेवढं विचारलं नाहीत. ती कुठं आहे हे माहीत असल्यावर माणूस कशाला विचारेल?”

दत्तप्रसाद उठले, शेजारच्या केबिनमध्ये गेले आणि पेटी घेऊन आले. पवनचक्कीचं एक पातं तिच्या कुलपात अडकून सोबत आलं होतं.

“परत लावणारच होतो,” ते म्हणाले. “आकडा बदलून परत लावायची होती, दोन मिनिटांचं काम. जिन्यात पावलं वाजली, म्हणून घेऊन आत गेलो. मग आरडाओरडा सुरू झाला. म्हटलं, इतकी छोटी गोष्ट—”

“पेटी काढलीत ती छोटीच गोष्ट,” दामलेबाई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजातली गंमत गेली होती. “त्यावर आपण सगळे हसून घरी गेलो असतो. पण या मुलाला बाहेर बसवलं तेव्हा तुम्ही इथं, भिंतीपलीकडे होतात. पेटी तुमच्या केबिनमध्ये होती. मग माझ्यासमोर येऊन म्हणालात, वाईट वाटतं हो. ती गोष्ट छोटी नाही.”

हातातलं पातं कुठं ठेवावं ते दत्तप्रसादांना कळेना.

“उघडा,” बाई कल्याणीबाईंना म्हणाल्या.

कल्याणीबाईंनी केसातली पिन काढली. कुलूप एका झटक्यात उघडलं. चिठ्ठ्यांचा ढीग टेबलावर सांडला. आजच्या आणि दोन वर्षांच्या. मोकाशींनी डोळे मिटले. तनयानं शेजारच्या खुर्चीची कड घट्ट धरली.

दामलेबाईंनी पहिली चिठ्ठी उघडली. “‘फार थंडी वाजते.’” दुसरी. “‘कृपया एसी कमी करा.’” तिसरी इंग्रजीत होती, तिचा अर्थ तोच. चौथीत एका माणसानं स्वतःचंच बर्फात गोठलेलं चित्र काढलं होतं. त्या उघडत गेल्या. ढीगच्या ढीग थंडीचा. मधेच एक वेगळी निघाली, तेव्हा बाई थांबल्या. “‘कॉफी मात्र उत्तम असते.’”

मोकाशींनी डोळे उघडले.

“कुणाबद्दलच काही नाही?” कल्याणीबाईंनी हळूच विचारलं.

“कुणाबद्दलच नाही. तुम्ही सगळ्यांनी आपापलं आपणच सांगितलंत.”

शेवटच्या रांगेत प्रज्ञेशला हसू आलं आणि त्यानं ते बॅगेमागे लपवलं. त्याचीही चिठ्ठी त्याच ढिगात होती, थंडीबद्दलचीच, आणि तिच्यातलं अक्षर खरोखरच फार ओळखू येण्यासारखं होतं.

६

मुलं पांगू लागली. डायरेक्टरांचा निरोप आला, की ते पुलाखालूनच परत फिरताहेत. कल्याणीबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि प्रज्ञेशला खूण केली. “वानखेडे, सरांच्या केबिनमध्ये ये जरा. दत्तप्रसाद सरांना आणि मला तुला सॉरी म्हणायचंय. विषय संपवू.”

प्रज्ञेश उभा राहिला. चष्म्याची काडी त्यानं नीट केली.

“मॅडम,” तो म्हणाला, “मला बाहेर बसायला सांगितलं ते इथं. सगळ्यांसमोर.”

दारापर्यंत पोहोचलेली मुलं थबकली. कल्याणीबाईंनी दामलेबाईंकडे पाहिलं. दामलेबाई शालीची घडी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बरं,” कल्याणीबाई म्हणाल्या. मग मोठ्यानं, हॉलकडे वळून: “सगळे थांबा जरा. मी प्रज्ञेश वानखेडेवर पुरावा नसताना आरोप केला. आणखीही जण वर आले होते, मी त्यांना विचारलंही नाही. ह्याच्याबद्दल मी आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं. ते चुकीचं होतं. सॉरी.” हे बोलताना त्यांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी एकही शब्द गिळला नाही.

दत्तप्रसादांनी सुरुवात विनोदानं केली. “अरे, आता थंडीच एवढी होती की—” कुणी हसलं नाही. ते थांबले. त्यांनी पातं टेबलावर ठेवलं. “तू बाहेर बसला होतास आणि मला माहीत होतं,” ते म्हणाले. “मी बोललो नाही. चुकलं.”

“ठीक आहे, सर,” प्रज्ञेश म्हणाला.

वारज्याकडची कंपनीची बस खाली हॉर्न देत होती. दामलेबाई पर्स घेऊन निघाल्या. कॉरिडॉरमध्ये कल्याणीबाईंचं टेबल होतं. प्रज्ञेश त्यांच्यासमोर उभा होता आणि त्या लॅपटॉप मिटत होत्या.

“सोमवारपासून दत्तप्रसाद सरांचाच प्रोजेक्ट आहे तुला,” त्या सांगत होत्या. “आता सगळं क्लिअर झालंय ना?”

“त्यांच्या टीममध्ये नको, मॅडम.”

“अरे, त्यांनी माफी मागितली की.”

“मागितली. मी ठीक आहे म्हटलं. राग नाही. पण उद्या माझं काही चुकलं नसताना कुणी माझं नाव घेतलं, तर ते बोलतील का, हे मला माहीत नाही. अशा माणसाच्या हाताखाली मी काम कसं शिकू?”

“असं टीम बदलणं इतकं सोपं नसतं. बघते मी. पुढच्या आठवड्यात सांगते.”

“बघा, मॅडम,” प्रज्ञेश म्हणाला. “मी थांबतो.”

त्यानं शेजारची खुर्ची ओढली, बॅग पायाशी ठेवली आणि बसला. आवाज चढवला नाही, हटवादीपणा केला नाही. गाडी येईपर्यंत स्टॅंडवर माणूस बसतो तसा बसला.

खाली बसनं शेवटचा हॉर्न दिला. दामलेबाईंनी खिडकीतून बस फाटकाबाहेर वळताना पाहिली. मग त्याही आल्या, दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या.

“तुमची बस गेली, मॅडम,” प्रज्ञेश म्हणाला.

“गेली,” बाई म्हणाल्या आणि पर्समधून शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट काढून त्याच्यासमोर धरलं.

कल्याणीबाईंनी दोघांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला.